दहा हजारांत अकूस्टिक गिटार: नवी की वापरलेली? (मुक्काम रत्नागिरी)

किनारपट्टी:

मुलगी नववीत आहे, तिला गिटार शिकायची आहे. एकूण बजेट १०,००० रुपये, त्यातच पिशवी, जास्तीच्या तारा वगैरे सगळं बसवायचं आहे. आम्ही रत्नागिरीत असतो. पाचसहा गिटारी शेजारीशेजारी ठेवून वाजवून बघायची सोय इथे नाही, त्यासाठी कोल्हापूर, पणजी नाहीतर मुंबई गाठावी लागेल.

ऑनलाइन तीन हजारांपासून गिटारी दिसतात आणि अभिप्राय सगळ्यांचेच चांगले. यामाहा एफ२८० आणि एफ३१० ही नावं जो तो घेतो. जुन्या सामानाच्या ॲपवर कोल्हापूरच्या काही जाहिराती आहेत, पाच ते सात हजारांच्या.

मला नेमकं हे हवंय: तीन हजारांची गिटार आणि नऊ हजारांची गिटार यांत शिकणाऱ्याला फरक कुठे जाणवतो? वापरलेली घ्यायची तर समोर उभं राहून काय काय तपासायचं? मला स्वतःला वाजवता येत नाही, त्यामुळे फूटपट्टीने मोजता येईल असं काही असेल तर तेच सांगा. आणि इथल्या पावसाळ्यात ती टिकेल ना?

पाचवा_फ्रेट:

ताई, फूटपट्टीने मोजता येतं, आणि खरं तर तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. नवशिक्याची गिटार सुटते ती बोटं दुखून, आणि बोटं दुखतात कारण तारा फ्रेटबोर्डापासून (बोटांनी तारा ज्यावर दाबतात त्या फळीपासून) फार उंच असतात. या उंचीला ॲक्शन म्हणतात. लाकूड कुठलं, पॉलिश कसं, कंपनी कोणती, हे सगळं त्यानंतर. नऊ हजारांच्या गिटारीची ॲक्शन ४ मि.मी. असेल तर ती तीन हजारांच्या नीट बसवलेल्या गिटारीपेक्षा वाईट. म्हणून दहातले दीड हजार आधी बाजूला काढा, ते तारा आणि सेटअपचे (तारांची उंची वगैरे नीट बसवून घेण्याचे). गिटारीला राहिले साडेआठ.

मग तीन आणि नऊमध्ये फरक काय? तीनच्या आसपासच्या ३८ इंची कटअवे (बॉडीचा एक खांदा कापलेल्या) गिटारींपैकी बऱ्याच गिटारींत ट्रस रॉड नसतो. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या (गिटारीच्या दांड्याच्या) आतली लोखंडी सळई, जिने नेकचा बाक कमीजास्त करता येतो. स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण ७० किलोच्या आसपास ओढ लावतात. वर्ष-दीड वर्षात नेक पुढे झुकतो आणि सळई नसली की तो परत आणायला काही उपाय उरत नाही. दुसरी अडचण खुंट्यांची. गिअर ढिले असतात, सुरात लावलेली तार दोन गाण्यांत उतरते आणि मुलीला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तिसरी गोष्ट फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या: टोकं हाताला टोचतात, उंची एकसारखी नसते, त्यामुळे एखाद्या जागी तार फरफरते. तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तारेची झणझण, लागते, गिटारला ती नको असते.

आता वापरलेली गिटार तपासताना. सोबत न्या ६० सें.मी.ची स्टीलची पट्टी, अर्धा मि.मी.च्या खुणा असलेली छोटी पट्टी, साध्या प्रिंटरच्या कागदाच्या दहाबारा पट्ट्या आणि मोबाइलवर ट्यूनर ॲप. आधी गिटार सुरात लावून घ्या, जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. सैल तारांवर घेतलेलं कुठलंही माप खोटं. विकणारा जर म्हणाला की तारा तुटल्यात, तुम्ही नेऊन घाला, तर तारांचा संच तुम्ही न्या आणि तिथेच घालायला लावा. त्याशिवाय व्यवहार नको.

ॲक्शन खुंट्यांकडून मोजत १२व्या फ्रेटवर मोजायची: फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत, तार न दाबता. जाड सहावी तार २.४ ते २.८ मि.मी. आणि बारीक पहिली १.६ ते २.० असेल तर उत्तम. सहावी ३.२ पर्यंत असली तरी चालेल, खाली आणता येते. त्याच्या वर गेली की कारण शोधायचं.

कारण तीन ठिकाणी असतं. पहिलं, नेकचा बाक. सहावी तार पहिल्या आणि १४व्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे, सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फट दिसेल. तिथे कागदाच्या पट्ट्या सरकवा. साधा ८० ग्रॅमचा कागद ०.१ मि.मी. जाड असतो, म्हणजे दोन कागद सरकले तर ०.२, आणि हेच हवं. पाच-सहा कागद जात असतील तर ट्रस रॉड आवळून बाक कमी करता येतो, घाबरायचं कारण नाही. एकही कागद जात नसेल, तार फ्रेटला चिकटलेली असेल, तर नेक सरळ किंवा उलटा वाकलेला आहे.

दुसरं, सॅडल, म्हणजे ब्रिजवरची (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडावरची) पांढरी पट्टी. ती ब्रिजच्या लाकडाच्या वर किती दिसते ते मोजा. ३ मि.मी.च्या आसपास असावी. जास्त असेल तर आनंदच, घासून तारा खाली आणायला जागा आहे. एक मि.मी.च उरली असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर कुणीतरी आधीच घासघासून हात टेकलेत.

तिसरं कारण सर्वांत महाग, नेक आणि बॉडी यांचा कोन. ६० सें.मी.ची पट्टी तारांच्या मधल्या फटीतून फ्रेटांवर लांबीने ठेवा आणि ब्रिजच्या दिशेने न्या. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम टेकावं किंवा केसभर वरून जावं. ते ब्रिजच्या उभ्या कडेवर दोन-तीन मि.मी. खाली आदळत असेल तर गिटार तिथेच ठेवून या. नेक काढून पुन्हा बसवण्याचा खर्च या किमतीच्या गिटारीला परवडत नाही.

ब्रिजची मागची कड बघायला विसरू नका. कागदाची पट्टी ब्रिजखाली सरकते का? टोकाला जराशी गेली तर एक वेळ समजू शकतो, पण पाचसहा मि.मी. आत गेली तर ब्रिज सुटायला लागलाय. ब्रिजच्या मागे टॉपला (बॉडीच्या वरच्या फळीला) थोडा फुगवटा असतोच, पण तो अंगठ्याने चाचपल्यावर टेकाड वाटत असेल तर नको. बॉडीवर बोटांच्या पेरांनी हलकं ठोकत फिरा. एखाद्या जागी पोकळ, खडखडता आवाज आला तर आतली पट्टी सुटली आहे.

फ्रेट शेवटी. पहिल्या तीन फ्रेटांवर बारीक तारांखाली खाचा पडलेल्या असतात. नखाने चाचपा. नख अडकण्याइतकी खोल असेल तर पैसे कमी करून मागा, कारण फ्रेट समतल करायचं काम निघणार. आणि प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. वाजवता येत नसलं तरी हे येतं: दाबायचं, छेडायचं, पुढच्या फ्रेटवर जायचं. दहा मिनिटं लागतात. कुठे आवाज मेला किंवा फरफरला ते लिहून ठेवा.

सूरपेटी:

वरच्या प्रतिसादात सगळं तपासणीचं आलंय, मी साइजबद्दल लिहितो, कारण नववीतल्या मुलीसाठी त्याचा विचार आधी व्हायला हवा.

एफ२८०, एफ३१० दोन्ही ड्रेडनॉट आकाराच्या आहेत, पोटाला खोल आणि कमरेला रुंद. मुलीचा खांदा वर चढतो, उजवा हात बॉडीला वळसा घालताना अवघडतो आणि मनगट वाकडं होतं. उंची पाच फुटांच्या वर असेल तर चालेल. लहानखुरी असेल तर ३९-४० इंची, कमी खोलीची कॉन्सर्ट आकाराची गिटार बघा. तारेची लांबी, म्हणजे नटपासून (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून) सॅडलपर्यंतची, एफ३१०ला ६३४ मि.मी. आहे. यामाहाच्याच एफजी८००ला ६५० आहे. दीड सें.मी.चा फरक ऐकायला किरकोळ, पण पहिल्या चार फ्रेटांवर बोटं ताणताना तो कळतो. यामाहाच्या जेआर१सारख्या ५४० मि.मी.च्या छोट्या गिटारी नववीतल्या मुलीला घेऊ नका. आवाज पिचका वाटतो आणि वर्षभरात परत मोठी घ्यावी लागते.

दुसरं, जाहिरातीत 'गिटार' एवढंच लिहिलेलं असतं, त्यात नायलॉन तारांची क्लासिकल पण येते. यामाहा सी४० हे नाव हमखास दिसेल. नायलॉन बोटांना मऊ, पण नेक रुंद, नटपाशी ५२ मि.मी. एफ३१० सारख्या स्टीलच्या गिटारीला ४३ असतो. हिंदी-मराठी गाण्यांना साथ करायची, कॉर्ड (एकदम वाजणारे काही सूर) धरून गायचं, तर स्टीलची बरी. पाश्चात्त्य शास्त्रीय शिकायचं असेल, परीक्षा द्यायच्या असतील, तर सी४०च घ्या. शिक्षकाला आधी विचारा. पण एक कधीही करू नका: क्लासिकलला स्टीलच्या तारा लावू नका. तिच्या आतल्या पट्ट्या नायलॉनच्या ओढीसाठीच असतात, आणि ती ओढ स्टीलच्या जवळपास निम्मी असते. ब्रिज उखडून हातात येतो. म्हणून वापरलेली क्लासिकल बघताना तिच्यावर आत्ता कुठल्या तारा आहेत ते पहिलं बघायचं.

पिकअपवाली, म्हणजे वायर लावून स्पीकरवर वाजणारी, या बजेटमध्ये नको. तो खर्च लाकूड आणि खुंट्यांमधूनच कापलेला असतो.

धोबीतलाव:

नवी घेण्याच्या बाजूने थोडं लिहितो.

एफ२८० सध्या आठ-नऊ हजारांत बसते, एफ३१० त्याच्या वर हजार-दीड हजार. दुकानागणिक किंमत हलते. कॉर्टची एडी८१० पण याच गटातली. या तिन्हींचा टॉप प्लायचा आहे, अखंड लाकडाचा नाही, आणि तुमच्या हवेत ते सोयीचंच पडतं, कारण प्लाय दमटपणाने कमी हलतो. अखंड स्प्रूसच्या टॉपची एफजी८०० आवाजाला नक्कीच पुढची, पण ती बजेटच्या दुप्पट जाते आणि शिकणाऱ्याला पहिल्या वर्षात तो फरक वापरताही येत नाही. वापरलेल्या गिटारीच्या जाहिरातीत 'सॉलिड टॉप' लिहिलं असेल तर साउंडहोलच्या (बॉडीवरच्या गोल भोकाच्या) कडेला बघा. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर अखंड. कडेला आडवे थर दिसले तर प्लाय.

गिव्हसन ही कोलकात्याची जुनी कंपनी. चार-पाच हजारांत मिळते, आवाज मोकळा असतो, पण एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत जमीन-अस्मानाचा फरक निघू शकतो. हातात घेऊन, वरची सगळी मापं काढूनच घ्यावी. ऑनलाइन मागवू नये.

एफ३१०च्या नकली प्रती बाजारात फिरतात हेही ध्यानात ठेवा. नवी कोरी एफ३१० कुणी पाच हजारांत देतोय तर ती एफ३१० नाही. साउंडहोलमधून आत डोकावल्यावर लेबल नीट छापलेलं, सरळ चिकटवलेलं असावं, मॉडेलचं नाव आणि हेडस्टॉकवरचा (खुंट्या असलेल्या टोकावरचा) लोगो यांत अक्षरांचा फरक नसावा. शंका आली तर बिल मागा.

दुकानातून घेताना बिल करायच्या आधी सांगायचं की मला सहावी तार १२व्या फ्रेटला पावणेतीन मि.मी.च्या आत करून द्या. फुर्टाडोजसारख्या मोठ्या दुकानांत (मुंबईत धोबी तलावाला, गोव्यात पणजी आणि मडगावला) एकाच मॉडेलच्या दोन-तीन काढायला सांगा आणि पट्टी लावून त्यातली निवडा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ऑनलाइन मागवलीत तर खोकं उघडण्यापासून व्हिडिओ काढा, हेडस्टॉक जिथे नेकला जुळतो त्याच्या मागच्या बाजूला केसासारखी चीर आहे का बघा. वाहतुकीत गिटार बहुतेक वेळा तिथेच मोडते.

पाचवा_फ्रेट:

धोबीतलाव यांच्याशी बाकी सहमत, फक्त नवी एफ२८० घेतल्यावर सेटअपला हजार उरतात का ते बघा. नव्या गिटारींचा नट बहुतेक वेळा उंच असतो, कारण कारखाना सुरक्षित बाजूला राहतो. तपासायचं कसं: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात एक कागद जाईल न जाईल एवढीच फट हवी. तीन-चार कागद जात असतील तर एफ कॉर्ड कितीही सराव करून नीट वाजणार नाही. नटच्या खाचा बारीक कानसीने खोल कराव्या लागतात आणि ते काम घरी करू नका. एक घास जास्त झाला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर फरफरते आणि नट नवा घालावा लागतो.

वऱ्हाडी_सूर:

विदर्भातून येणारी वापरलेली गिटार असेल तर एक गोष्ट वेगळी बघा. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की फ्रेटबोर्डाचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात. नेकच्या कडेवरून तळहात फिरवला की करवतीसारखं लागतं. ती टोकं घासून घेता येतात, मोठं काम नाही. पण टॉपला ब्रिजच्या मागे तारांच्या दिशेने चीर गेली असेल तर ती कोरडेपणाची चीर असते, तुमच्याकडे पावसाळ्यात मिटल्यासारखी दिसेल आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडेल.

किनारपट्टी:

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मुलीची उंची पाच फूट तीन इंच आहे, शिक्षक म्हणाले स्टीलच्या तारांची चालेल.

कोल्हापुरात दोन बघितल्या, दोन्ही सुरात लावून मोजल्या.

पहिली: एफ३१०, मागतोय ५,५००. सहावी तार ४ मि.मी., पहिली ३. सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम १ मि.मी. लांब पट्टी ब्रिजच्या कडेवर माथ्यापासून साधारण ३ मि.मी. खाली लागते. सातव्या फ्रेटपाशी तीन कागद जातात. दिसायला अगदी नवी, एकही ओरखडा नाही. मालक म्हणतो, सॅडल घासला की झालं.

दुसरी: कॉर्ट एडी८१०, मागतोय ६,५००. सहावी ३.२, पहिली २.४. सॅडल वर ४ मि.मी. लांब पट्टी ब्रिजच्या माथ्याला लागते. कागद पाच जातात. ब्रिजखाली कागद जात नाही. पहिल्या दोन फ्रेटांवर बारीक तारांखाली खाचा दिसतात पण नख अडकत नाही. तारा गंजलेल्या, बॉडीला मागे दोन ओरखडे, पिकगार्डची (साउंडहोलखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याची) एक कड उचललेली. फरफर कुठेच नाही.

मुलीला पहिली आवडलीय.

पाचवा_फ्रेट:

दुसरी घ्या. पहिली फुकट मिळाली तरी नको.

पहिलीचा हिशेब बघा. १२व्या फ्रेटवर तार जेवढी खाली आणायची त्याच्या दुप्पट सॅडल कमी करावा लागतो, कारण १२वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. ४ वरून २.६ वर यायचं तर १.४ खाली, म्हणजे सॅडल २.८ मि.मी. घासायचा. तुमच्याकडे आहे १. तो पूर्ण घासला तरी ॲक्शन साडेतीनला अडकणार, आणि तारा सॅडलवरून जवळजवळ सपाट गेल्यामुळे आवाजही दबणार. तीन कागद म्हणजे बाक फारसा नाही, तेव्हा ट्रस रॉडनेही सुटणार नाही. पट्टी ३ मि.मी. खाली लागते यातच उत्तर आलं: कोन गेलाय. ओरखडा नाही याचा अर्थ गिटार वाजवली नाही एवढाच. सुरात लावलेली, वर्षानुवर्षं दमट खोलीत नाहीतर तापलेल्या माळ्यावर उभी राहिली की ओढ आपलं काम करत राहते.

दुसरीचे दोष सगळे दुरुस्त होणारे आहेत आणि सगळे किमतीत मागता येणारे. गंजक्या तारा, खाचा आणि पिकगार्ड दाखवून ५,५०० सांगा, सहा हजारांपर्यंत घ्या.

घेतल्यावर क्रम असा. आधी तारा बदला. ११चा संच घ्या, म्हणजे पहिली तार ०.०११ इंची, डॅडारिओ ईझेड९१० किंवा तत्सम. १२च्या संचापेक्षा ओढ सहा-सात किलोंनी कमी पडते आणि बोटांना ते लगेच कळतं. एकेक तार काढून एकेक घाला. तारेचं गोल टोक ब्रिजच्या भोकात घातल्यावर पिन दाबायच्या आधी तार थोडी वर ओढा. गोल टोक पिनच्या तळाशी टेकून राहिलं तर सुरात लावताना पिन सुटून तोंडावर उडते. टोक आतल्या पट्टीला भिडलं पाहिजे. खुंटीवर दोन-तीन वळसे पुरेत, दहा वळसे घातले की तार सारखी उतरते.

सुरात लावून एक दिवस ठेवा. ओढ बदलल्याने बाकही थोडा बदलतो, म्हणून पुन्हा कागद लावा. चार-पाच जात असतील तर ट्रस रॉड. त्याचा बोल्ट साउंडहोलच्या आत नेकच्या टोकाला किंवा हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली असतो, बहुतेकांना ४ नाहीतर ५ मि.मी.ची ॲलन की (षटकोनी किल्ली) लागते. की पूर्ण आत बसली पाहिजे, अर्धवट बसवून फिरवली की बोल्टचे कोपरे झिजतात आणि मग कुणीच काही करू शकत नाही. घड्याळाच्या दिशेने आवळायचं, एका वेळी एक अष्टमांश फेरा, परत सुरात लावायचं, परत मोजायचं. पाव ते अर्ध्या फेऱ्यात काम व्हायला हवं. जोर लावावा लागला तर थांबा आणि माणसाकडे न्या.

बाक ०.५ वरून ०.२ वर आला की १२व्या फ्रेटची ॲक्शन साधारण ०.१५ नी आपोआप उतरेल. म्हणजे सहावी ३.०५, पहिली २.२५. तिथून २.६ आणि १.९ ला यायचं तर सॅडल जाड तारांकडून ०.९ आणि बारीक तारांकडून ०.७ मि.मी. कमी करायचा. ४ मधून जाऊन तीनच्या वर उरतो, छान.

सॅडल नेहमी खालून घासायचा, वरून कधीच नाही, वरची गोलाई तारांसाठी कोरलेली असते. बारीक पेन्सिलीने रेघ मारा, खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर २४० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि सॅडल ताठ उभा धरून एकाच दिशेने ओढा. तळ गोल झाला तर तो ब्रिजच्या खाचेत डुगडुगतो आणि आवाज मरतो. रेघेच्या अलीकडे थांबा, बसवून मोजा, मग पुढचं. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून तसाच एक जास्तीचा हाडाचा सॅडल घेऊन ठेवलात तर निर्धास्त राहाल, काही शे रुपयांत मिळतो.

हे सगळं करायचं नसेल तर कोल्हापुरात किंवा पणजीत गिटार दुरुस्त करणाऱ्याला द्या, पण मापं लिहून द्या. "जरा खाली करा" म्हणू नका. मिरज जवळ आहे म्हणून तिथे न्यायचा विचार बरेच जण करतात. सतार-तंबोऱ्याचं तिथलं काम नामांकितच आहे, पण धातूचे पक्के फ्रेट आणि ट्रस रॉड हा वेगळा विषय, आधी फोन करून विचारल्याशिवाय जाऊ नका.

सूरपेटी:

एक भर. पहिले दोन-तीन महिने सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून लावा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. सुरांची पट्टी तीच राहते, शिक्षकाबरोबर वाजवता येतं, पण ओढ दहा टक्क्यांहून थोडी जास्त कमी होते आणि उंच नटचा त्रासही कॅपोमुळे टळतो. बोटांची कातडी घट्ट झाली की कॅपो काढून तारा मूळ सुरात.

मुलीला पहिलीचं रूप आवडलं असेल तर दुसरीवर तिच्याकडून एक कॉर्ड धरून वाजवून घ्या, दोन्ही गिटारींवर पाठोपाठ. ई मायनर, दोन बोटांचीच. फरक तिचा तिला कळेल.

धोबीतलाव:

पाचवा_फ्रेट यांच्या मापांत एक बदल सुचवतो, कारण आता पाऊस सुरू झालाय आणि गिटार रत्नागिरीत जाणार आहे. दमट हवेत टॉप फुगतो आणि ब्रिज वर उचलला जातो, म्हणून पावसाळ्यात मोजलेली ॲक्शन खऱ्यापेक्षा थोडी जास्तच असते. आत्ता सॅडल पूर्ण ०.९ घासलात तर डिसेंबरात टॉप बसेल, तारा आणखी खाली येतील आणि फरफर सुरू होईल. आत्ता सहावी २.८ वर थांबवा, म्हणजे सॅडल जाड तारांकडून फक्त ०.५ कमी करा, बारीक तारांकडून ०.४. उरलेलं दिवाळीनंतर, पुन्हा मोजून.

पावसाळाभर गिटार भिंतीला टांगू नका, बाहेरच्या भिंतीला तर नाहीच, ओल थेट मागच्या फळीत जाते. पिशवीत ठेवा आणि पिशवीत सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या, रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं, फक्त ती कढई स्वयंपाकाला नको. शे-दोनशे रुपयांचा हवेतला दमटपणा दाखवणारा काटा मिळतो, तोही पिशवीतच टाका. ४५ ते ५५ टक्के हवं, कोकणात जुलैत ६५ च्या आत ठेवलंत तरी पुष्कळ. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने वरून आणि खालून पुसायच्या. खारी हवा आणि घाम मिळून साध्या तारा दीड-दोन महिन्यांत काळ्या पडतात. लेप दिलेल्या तारा दुप्पट महाग, पण तुमच्याकडे त्या परवडतात.

कोल्हापूरहून येताना गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, डिंक सैल पडतो. एसटीने आलात तर मांडीवर, वरच्या फळीवर नाही.

किनारपट्टी:

दुसरी ५,८०० ला ठरली. तारा, जास्तीचा सॅडल, ॲलन की आणि जेल मिळून बाराशेत होतंय, गादीवाली पिशवी वेगळी बघतेय. एकच विचारायचं राहिलं: पिकगार्डची उचललेली कड चिकटवायला फेव्हिक्विक चालेल का?

पाचवा_फ्रेट:

फेव्हिक्विक अजिबात नको. ते पॉलिश खातं आणि पांढरा डाग कायमचा राहतो. कड उचलून आतली धूळ कोरड्या ब्रशने काढा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप कापून घाला, वर जाड पुस्तक दोन तास. टेपची कड बाहेर दिसली तर ब्लेडने नाही, नखाने काढा.